कापडासारखं सांग

पक्षी म्हटले की मला दोनच ठाऊक. एक कावळा, जो दुकानाच्या पत्र्यावर बसून सकाळपासून डोकं उठवतो, आणि दुसरी कोंबडी. बाकीचे सगळे वन्संचे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, एकट्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "वेळच मिळाला नाही" म्हणतात, आणि ते खरंही असेल. एकतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. शहराच्या टोकाला एक मोठं तळं आहे. त्याचं पाणी रोज सकाळी बाटल्यांत भरून आणायचं आणि तपासायचं, हे त्यांचं काम. पुढे शहराला धरणाचं पाणी मिळालं आणि तळ्याला कुणी विचारेना. मग तिथे लव्हाळे माजले, झाडं वाढली, कुठून कुठून पक्षी आले आणि शेवटी सरकारने कुंपण घालून फाटक लावलं. वन्सं निवृत्त झाल्या, पण तळं काही त्यांना सुटलं नाही. गेली अकरा वर्षं दर रविवारी सकाळी त्या येईल त्या माणसाला तळ्याभोवती फिरवतात आणि पक्षी दाखवतात. फुकट. छातीला सरकारी बिल्ला, गळ्यात दुर्बीण आणि आवाज असा की जणू तळं यांनीच खणलंय.

माझं तळमजल्यावर शिवणाचं दुकान. आमचं भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी वन्संना एक कोट शिवून दिला होता. अस्तर लावून, आत खिसा, काजं हाताने केलेली. अठरा दिवस खपले. वन्संनी तो घातला, आरशात एकदा समोरून पाहिलं, एकदा बाजूने पाहिलं आणि म्हणाल्या, "बरा झालाय." बरा! सव्वीस वर्षं झाली, तो कोट त्या अजून घालतात, पण त्यांचं ते "बरा" माझ्या घशाखाली काही उतरलेलं नाही.

तर एका शुक्रवारी संध्याकाळी वन्सं दुकानात आल्या. मी मशीनवर होते. शाळेच्या गणवेशाचे बासष्ट शर्ट सोमवारी द्यायचे होते आणि त्यातल्या तीस शर्टांना अजून कॉलर नव्हती. वन्सं दारात उभ्या राहिल्या. स्वेटरचं वरचं बटण दुसऱ्या काजात, आणि तिथून खाली सगळीच बटणं एकेक घर चुकलेली. शिवणाऱ्या बाईसमोर असं येऊन उभं राहायचं म्हणजे हद्द झाली.

"रविवारी माझ्याबरोबर चल," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"तळ्यावर."

मी मशीन थांबवली. अकरा वर्षांत या बाईने मला एकदाही बोलावलं नव्हतं. "वन्सं, मला काय कळतं त्यातलं? आणि हा ढीग बघताय ना? रविवार सोडा, मला जेवायला फुरसत नाही."

"तुला काही कळायला नकोच. तू नुसती चल."

"अहो, पण कशाला?"

वन्सं टेबलावरचा कापडाचा तुकडा बोटांनी चाचपत उभ्या राहिल्या. तेवढ्यात आतून माझा नवरा चहाचा कप घेऊन आला. हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो. तो म्हणाला, "ताई बोलावतेय ना, मग जा की." झालं. त्याचं एक वाक्य खर्ची पडलं आणि माझा अख्खा रविवार गेला. शनिवारी मी त्या कॉलरी कशा लावल्या ते माझं मला माहीत.

रविवारी सहाच्या बसमध्ये आम्ही दोघी आणि कंडक्टर, एवढेच. वन्संनी तोच कोट घातला होता.

"आज कार्यालयातून एक मॅडम यायच्या आहेत," खिडकीकडे तोंड करून त्या म्हणाल्या. "बिल्ला दर तीन वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. त्या फेरीबरोबर चालतात, सगळं बघतात, फॉर्म भरतात. पटलं तर बिल्ला देतात."

"आणि नाही पटलं तर?"

"तर मी तिकीट काढून आत जायचं, चार लोकांसारखं. लोकांना घेऊन नाही." त्या जराशा हसल्या. "तळं गेलं तर माझ्याकडे काय उरतं गं? तिसरा मजला."

मी चपापलेच. वन्संच्या तोंडून असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. "काहीतरीच काय! तुम्हाला कोण नापास करणार? तुम्हीच त्या मॅडमचा घाम काढाल," मी म्हटलं.

शेवटच्या थांब्यावर उतरलो. एका बाजूला गॅरेजं, टायरवाले, सिमेंटच्या पाइपांची रास; दुसऱ्या बाजूला गोदामांची लांबच लांब भिंत. आत काही बघण्यासारखं असेल असं मला बिलकूल वाटलं नाही. चिखल आणि डास, दुसरं काय! भिंत संपते तिथे एक हिरवं फाटक होतं. त्यातून आत पाऊल टाकलं, वीसेक पावलं चाललो, आणि मशीनवरचा पाय काढावा तसा शहराचा आवाज थांबला. माझ्या कानांना इतक्या शांततेची सवयच नव्हती. आधी वाटलं कान बसले की काय. मग एकेक आवाज उमटायला लागला. पाण्यात काहीतरी डुबुक्कन बुडलं. लव्हाळ्यात कुणीतरी चिवचिवलं. पलीकडच्या काठावरून कुणीतरी शीळ घातली आणि अलीकडून तिला उत्तर गेलं.

आणि तळं! अहो, केवढं ते तळं! एवढं पाणी माझ्या घरापासून बसने पाऊण तासावर आहे आणि मी इतकी वर्षं बॉबिन भरत बसले होते. उन्हाचा पहिला पट्टा पलीकडच्या झाडांवर पडला होता आणि पाण्यावर धुकं असं पातळ पसरलं होतं की हात घालून बाजूला सारावं. मी तिथेच उभी राहिले. वन्सं पुढे गेल्या होत्या, त्यांनी हाक मारली तेव्हा भानावर आले.

जुन्या पंपघराशी माणसं जमली होती. एक म्हातारं जोडपं होतं, दोघांत मिळून एक दुर्बीण आणि तिच्यावरून दोघांची कुरबुर. हाताएवढा लांब कॅमेरा लावलेला एक माणूस होता. आणि कार्यालयातल्या मॅडम. माझ्या लेकीच्या वयाच्या, पायात जाड बूट, हातात फॉर्म लावलेलं पॅड. चेहरा असा की सकाळपासून कुणाशी बोललेल्याच नाहीत.

"माझ्या फेरीत नियम एकच," वन्संनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "पक्ष्याचं नाव कुणी पटकन घ्यायचं नाही. आधी काय दिसतंय ते सांगायचं. नाव मी सांगेन." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ही माझी भावजय. शिवणाचं दुकान आहे तिचं. पहिला पक्षी ही सांगेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत माझी फजिती करायला आणलं होतं तर मला! "मी काय सांगणार? तिकडे पाण्यात एक पक्षी उभा आहे," मी म्हटलं.

"कसा आहे?"

"मोठा आहे."

"असं नाही. दुकानात कुणी कापड आणलं तर तू काय बघतेस? तसं बघ. कापडासारखं सांग."

आता आली का पंचाईत! पण कापडाचं नाव काढलं की माझे डोळे आपोआप कामाला लागतात, त्याला मी तरी काय करू? "राखाडी आहे," मी म्हटलं. "पण एकच राखाडी नाही. पाठीचं कापड गडद, सुटाला घेतात तसलं. मान फिकट. आणि गळ्यापासून छातीपर्यंत मधोमध काळे टाके घातलेत, तुटक तुटक, कच्ची शिलाई घालावी तसे. भुवईपासून मागे एक काळी पट्टी गेलीय, तिचं टोक मागे तसंच लोंबतंय. कापायचं राहिलंय."

म्हातारे आजोबा खो खो हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्या मान किंचित कलती करून ऐकत होत्या. "उंची?"

"माझ्या कटिंगच्या टेबलाएवढी."

"राखी बगळा," वन्सं म्हणाल्या. आणि मग त्यांनी त्या बगळ्याचं जे काही सांगितलं! तो त्याच जागी का उभा राहतो, तिथे पाणी किती खोल आहे, तळाशी वाळू आहे की गाळ, त्यामुळे मासे कुठून येतात, सगळं. त्या काठावर पाणी भरायच्या त्यांच्या बारा जागा होत्या, आणि बाराही जागांचा तळ त्यांना आपल्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांसारखा पाठ होता. मी तोंडाचा आ करून ऐकत राहिले. घरी जेवताना हेच सगळं त्या सांगायच्या, तेव्हा मी भात वाढायला उठून जात असे. मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर वन्संनी मला सोडलंच नाही. पाच पावलं चाललं की, "टेलरबाई, उजवीकडे काय?" कॅमेरेवाल्याला एवढ्या मोठ्या नळीतून जे दिसेना ते मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला चेव चढला होता. चिखलात एक काळा-पांढरा पक्षी चालत होता, त्याचे पाय इतके लांब आणि इतके गुलाबी की, "याची पॅन्ट शिवायला घेतली तर कापडच पुरायचं नाही," मी म्हटलं. वन्सं म्हणाल्या, "शेकाट्या." काठावरच्या दगडावर एक चिमुकला पक्षी शेपटी सतत वरखाली करत होता, काळं जाकीट, पांढरा शर्ट, अगदी कडक इस्त्रीचा. वन्संनी सांगितलं, तो धोबी. आता तर आजी-आजोबाही कापडासारखंच सांगायला लागले होते आणि त्यांच्यात नवी कुरबुर सुरू झाली होती, की ते तपकिरी म्हणायचं की चॉकलेटी. मॅडम मात्र मागून चालत होत्या आणि मधूनमधून काहीतरी लिहीत होत्या.

तिसऱ्या वळणावर वन्सं थांबल्या. डावा हात लांब करून पाण्याकडे दाखवत म्हणाल्या, "आणि हे आपलं वाळकं झाड. मी नोकरीला लागले तेव्हापासून ते असंच पाण्यात उभं आहे. त्याच्या वरच्या फांदीवर बघा, पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला असेल."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तिथे झाड नव्हतं.

म्हणजे झाड होतं, पण उभं नव्हतं. बुंध्यातून मोडून पाण्यात आडवं पडलं होतं. मोड इतका ताजा होता की आतलं लाकूड पिवळंधमक दिसत होतं. गुरुवारी जोराचा वारा सुटला होता, त्यात पडलं असणार. आणि वन्सं रिकाम्या हवेकडे बोट दाखवून, इतक्या मायेने, त्याच्या फांद्यांचं वर्णन करत होत्या.

शुक्रवारची ती चुकलेली बटणं. टेबलावरचा तो चाचपलेला तुकडा. "तू नुसती चल." अगं बाई गं! या बाईला दिसतच नाहीये.

कॅमेरेवाल्याने तोंड उघडलं. मॅडमनी पॅडवरून मान वर केली. मला विचार करायलाही वेळ नव्हता. मी जोरात म्हटलं, "वन्सं, बोलण्याच्या नादात तुमचं लक्ष नाही वाटतं! अहो, झाड वाऱ्याने आडवं झालंय. तुमचा पाणकावळा त्याच्या बुंध्यावर बसलाय बघा, ओला काळा झगा दोन्ही हातांनी पसरून. दुसरीकडे बसायची तयारीच नाही त्याची."

वन्संचा हात हळूहळू खाली आला. "पडलं का?" त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच. मग त्यांनी गळा साफ केला आणि पाणकावळ्याचं सांगायला लागल्या, पण त्यांचा आवाज पार उतरला होता.

पुढची वाट अरुंद होती. मी इतरांना पुढे जाऊ दिलं आणि वन्संच्या कानाशी गेले. "कधीपासून?"

"दीड वर्ष." त्या समोर बघत चालत होत्या, पाऊल कुठेही चुकत नव्हतं. "डोळ्याच्या मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं दिसतं. वाट दिसते, माणसं दिसतात. पण ज्याच्याकडे सरळ बघावं ना, नेमकं तेवढंच नाहीसं होतं."

"मग फेऱ्या कशा काढल्या?"

"लोकांना विचारून. पण लोक काय सांगतात? मोठा पक्षी, छोटा पक्षी. त्यावरून मी काय ओळखणार?"

"आणि मला सांगायला तुमची जीभ झिजली असती?" माझा आवाज चढला, मी तो कसाबसा आवरला. "एका इमारतीत राहतो आपण! रोज जिना चढता-उतरता! डॉक्टर, औषध, काही..."

"सगळं करून झालं. ते परत येत नाही," वन्सं म्हणाल्या. "आता इथे ओरडू नकोस. पक्षी उडतील."

मला इतका राग आला होता आणि इतकं रडू येत होतं, की कुठलं आधी करावं तेच कळेना. शेवटी दोन्ही गिळलं आणि ठरवून टाकलं, की आज या बाईचा बिल्ला जात नसतो. मग मी जी सुटले! वन्संनी विचारायच्या आधीच सांगायला लागले. डावीकडे काळं अंग, लाल चोच, चोचीचं टोक पिवळं, पाण्यात बदकासारखी पोहतेय. "पाणकोंबडी." समोर मुठीएवढं काहीतरी तपकिरी, आत्ता होतं, आत्ता बुडालं, हे बघा तिकडे वर आलं. "टिबुकली." माझं बघणं आणि त्यांचं नाव सांगणं, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. कुणाला वाटलं असतं की आम्ही दोघी वर्षानुवर्षं हेच करतोय. फसवत होतो आम्ही, सरळ सरळ फसवत होतो, आणि देवाशप्पथ सांगते, मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट असं वाटत होतं की ही फेरी संपूच नये. एकेक पक्षी असा सुबक शिवलेला, कुठे झोळ नाही, कुठे टाका उसवलेला नाही. मी आयुष्यभर माणसांच्या अंगावर कापड बसवायला धडपडले, आणि इथे जो तो आपापल्या मापाचं घालून फिरत होता.

त्या अरुंद वाटेच्या शेवटी लाकडी फळ्यांचा एक आडोसा बांधलाय. आत बाक, आणि समोरच्या फळीत बघायला आडव्या फटी. सगळे आत जाऊन बसले. समोर पाण्यात एक काठी रोवलेली होती आणि काठीच्या टोकावर एक पक्षी बसला होता. तो पाहिला आणि मी बाकावरून पुढे सरकले.

मी बोलणार, इतक्यात मॅडमनी हात वर केला. "तुम्ही नाही," त्या मला म्हणाल्या. मग वन्संकडे वळल्या. आवाज चढा नव्हता, पण पक्का होता. "त्या काठीवर काय आहे, ते तुम्ही सांगा."

सगळे वन्संकडे बघायला लागले. मी मनातल्या मनात ओरडत होते, वन्सं, ठोका काहीतरी! तळ्यावरची काठी आहे, काठीवर काय बसतं ते तुम्हाला माहीत आहे, अंदाजाने सांगितलं तरी बरोबर येईल. आणि वन्संनाही ते कळलं होतं. त्यांचे ओठ हललेसुद्धा.

मग त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढली आणि मांडीवर ठेवली.

"मला दिसत नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "दीड वर्षापासून सरळ बघितलेलं दिसत नाही. आज मी तुम्हाला फसवायला निघाले होते. अर्ध्या वाटेपर्यंत फसवलंही. आता इथेही अंदाजाने नाव सांगता आलं असतं. पण अकरा वर्षं मी लोकांना सांगत आले, की आधी बघा आणि मग बोला. न बघता कसं बोलू?"

आजींनी आजोबांचा हात धरला होता.

"हिला बोल लावू नका," वन्सं पुढे म्हणाल्या. "हिला झाडापाशी येईपर्यंत काहीच माहीत नव्हतं. मीच मुद्दाम आणलं. मला हिचे डोळे उसने घ्यायचे होते, आणि माझ्या ओळखीत बघता येणारं माणूस एकच आहे. सव्वीस वर्षांपूर्वी हिने मला कोट शिवून दिला, मापाची टेप न लावता, नुसतं बघून. तेव्हाच मला कळलं होतं. सांगायचं राहिलं."

सांगायचं राहिलं! असं कुणी सांगतं का हो, सरकारी माणसासमोर, लाकडी बाकावर बसून? माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. मी फटीतून बाहेर बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोयच नव्हती.

मॅडमनी पेन पॅडवर आडवं ठेवलं. "तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मला झाडापाशीच शंका आली होती. पण मग मला असं लिहावंच लागेल, की यांना एकटीने फेरी नेता येणार नाही."

"लिहा की!" मी ताडकन उठले. डोकं वरच्या फळीवर आपटलं, पण तेव्हा कुणाला शुद्ध होती? "लिहा! पण एकट्या कुठे आहेत त्या? मी काय इथे हवा खायला बसलेय?"

मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दर रविवारी याल?"

"येईन."

"पक्षी ओळखता येतात?"

"नाही."

"मग त्या काठीवर काय आहे?"

मी फटीशी वाकले. तो अजून तिथेच होता. "निळा आहे," मी म्हटलं. "पण हा निळा कुठल्याही शेडकार्डात नाही, मॅडम. उभा धागा निळा आणि आडवा हिरवा घालून विणावं, तसलं कापड आहे. सरळ बसला की निळा, मान वळवली की हिरवा. पाठीवरून शेपटीपर्यंत एक पट्टी अशी पेटलेली, की तिकडे बघवत नाही. पोट विटकरी. गळ्याशी पांढरा रुमाल खोचलाय. चोच काळी, अंगाच्या मानाने फार लांब, कुणीतरी माप चुकल्यासारखी. सगळा मिळून माझ्या तळहातात मावेल. आणि पाण्याकडे बघतोय... अहो, काय बघतोय तो पाण्याकडे! डोळ्याची पापणी हलत नाहीये त्याची."

तेवढ्यात तो सरळ खाली पडला. पाण्याचा नुसता टिपकन आवाज झाला, आणि चोचीत चंदेरी काहीतरी धरून तो परत काठीवर येऊन बसला. आजी "अगं आई, मासा!" म्हणाल्या. कॅमेरेवाला फोटो काढायचा विसरला.

"नाव?" मॅडमनी विचारलं.

"नाव मला माहीत नाही," मी म्हटलं. "नाव सांगायला या आहेत."

वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "खंड्या," त्या म्हणाल्या. "खंड्या आहे तो. सरळ उभा पडला ना पाण्यात? पहिल्याच झेपेत मासा मिळाला म्हणजे पाणी स्वच्छ आहे गं. अगदी स्वच्छ आहे."

मॅडमनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग पेनला टोपण लावलं. "मंगळवारी कार्यालयात या," त्या म्हणाल्या. "फोटो लागतील. दोघींचे."

मी वन्संचा दंड धरला आणि त्यांना उठवलं. आडोशाच्या दारात त्या थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, आजची शेवटची फेरी."

"शेवटची कसली? अजून अर्धं तळं राहिलंय," मी म्हटलं. "चला आता, लोक खोळंबलेत. डावीकडे काहीतरी पिवळं उडालंय."